मुदत ठरलेल्या बाजारपेठा : मॉरिशसच्या उद्योजकांनी काय केले

अभियांत्रिकी अर्थशास्त्राच्या तासाला मी दरवर्षी एक उदाहरण घालतो. तुमच्या मालकीचा एक साखर कारखाना आहे. साल २००५. तुमची बहुतेक सगळी साखर एकच ग्राहक घेतो आणि टनाला ५२३.७० युरो देतो. आता त्याने कळवले आहे की येत्या चार वर्षांत हा भाव टप्प्याटप्प्याने ३३५.२० युरोवर येईल. तुमचा ऊस चक्रीवादळांच्या वाटेवरच्या बेटावर पिकतो, जमीन दगडाळ आहे आणि ब्राझीलच्या खर्चात साखर करणे तुम्हाला कधीच जमणार नाही. काय कराल?

मुले पटापट उत्तरे देतात. खर्च कमी करू. दुसरा ग्राहक शोधू. सरकारकडे अनुदान मागू. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतो, विकून टाकू. मग मी विचारतो, घेणार कोण?

हे उदाहरण कल्पनेतले नाही. तो ग्राहक म्हणजे युरोपीय संघ आणि ते बेट म्हणजे मॉरिशस. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे २,००० किलोमीटर दूर, क्षेत्रफळ जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. देशांतर्गत बाजार इतका लहान की बाहेर विकल्याशिवाय कारखाना चालत नाही, आणि बाहेरचा भाव ठरवण्याची ताकद नाही. असा देश अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेसारखा उपयोगी पडतो, कारण मोठ्या देशात झाकले जाणारे निर्णय इथे उघडे दिसतात. या पाठात आपण तिथल्या उद्योजकांचे निर्णय पाहणार आहोत. नायक शोधायचे नाहीत. कोणत्या वेळी त्यांच्या हातात काय होते आणि त्याचे त्यांनी काय केले, एवढेच पाहायचे.

सुरुवात कुठून झाली

१८३५ मध्ये बेटावरील गुलामगिरी संपली आणि ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर, म्हणजे गिरमिटिये, आणणे वाढले. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक लोक पोर्ट लुई बंदरात उतरले. ते ठिकाण, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. बहुसंख्य लोक भोजपुरी पट्ट्यातले, त्यांच्याबरोबर तमिळ, तेलुगू, आणि मुंबईहून जहाजात बसलेले कोकणातले मराठीही. मॉरिशसच्या शाळांत आजही मराठी शिकवली जाते ती त्यांच्यामुळे.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीत साखरेचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता. मळे आणि कारखाने मुख्यतः फ्रेंच वंशाच्या थोड्या कुटुंबांकडे, तर मते भारतीय वंशाच्या बहुसंख्यांकडे. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाच्या भवितव्याविषयी फारच निराशाजनक चित्र रंगवले होते. वाढती लोकसंख्या, एकच पीक, नोकऱ्या नाहीत. मीड यांना पुढे नोबेल मिळाले, आणि आकडेमोडीत त्यांची चूक नव्हती. माझ्या मते एक गोष्ट त्यांच्या हिशेबात बसण्यासारखीच नव्हती. मळेवाले आणि नवे सरकार एकमेकांशी सौदा करतील, ही ती गोष्ट. सरकारने मळ्यांचे राष्ट्रीयीकरण केले नाही, साखरेच्या निर्यातीवर कर मात्र लावला. त्या पैशाचा आधार शिक्षण, आरोग्य आणि निवृत्तिवेतन यांना मिळाला. उद्योजकांच्या बाजूला बोलणी करायला संस्था होत्याच. व्यापाऱ्यांचे चेंबर १८५० चे आणि शेतीचे चेंबर १८५३ चे. १९७० मध्ये या सगळ्यांची मिळून जॉइंट इकॉनॉमिक कौन्सिल झाली. सरकारशी एका आवाजात बोलायचे, हा तिचा हेतू. २०१५ मध्ये ती मालक संघटनेत विलीन होऊन बिझनेस मॉरिशस झाली.

एका प्राध्यापकाची कल्पना

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा भाग आता येतो. एदुआर लिम फॅट हे मॉरिशस विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक. तैवान आणि प्वेर्तो रिको येथील निर्यात उद्योग पाहून त्यांनी असाच विभाग मॉरिशसमध्ये करावा असे सुचवले, आणि १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया विभागाचा कायदा झाला. कच्चा माल शुल्काशिवाय आणायचा, काही वर्षे करसवलत घ्यायची, तयार माल सगळा बाहेर पाठवायचा.

गंमत अशी की या ‘विभागा’ला कुंपणच नव्हते. इतर देशांत असा विभाग म्हणजे बंदराजवळची भिंत घातलेली जागा. मॉरिशसमध्ये कारखान्याला प्रमाणपत्र मिळत असे, मग तो बेटावर कुठेही असो. त्यामुळे कारखाने गावागावांत गेले आणि घराबाहेर पहिल्यांदाच कामाला निघालेल्या बायकांना ते चालत जाण्याच्या अंतरावर मिळाले.

कायद्याच्या आधीच, १९६५ मध्ये, जोसे पोंसिनी यांनी मायक्रो ज्वेल्स नावाचा छोटा कारखाना काढला होता. घड्याळात वापरायच्या कृत्रिम माणकांना सूक्ष्म भोके पाडण्याचे काम. माल बाहेरून येई, काम बेटावर होई, माल परत जाई. वजन नगण्य, किंमत जास्त, म्हणून जहाजभाड्याचे ओझे नाही. दूरच्या बेटावर कोणता धंदा चालेल, या प्रश्नाचे एक छोटेसे उत्तर कायदा येण्याआधीच तयार होते. धोरण पुष्कळदा असेच कोणाच्या तरी धंद्यामागून येते.

भांडवल मात्र साखरेतून आले, आणि इथे १९७५ चा एक निर्णय महत्त्वाचा आहे. १९७४ च्या अखेरीस जगात साखरेचे भाव गगनाला भिडले होते. त्याच सुमारास युरोपीय समुदायाशी लोमे कराराची बोलणी चालू होती. युरोप दीर्घकाळ हमीभाव द्यायला तयार होता, पण त्या घडीला खुल्या बाजारात त्याहून जास्त मिळत होते. काही ऊसउत्पादक देशांना खुला बाजार बरा वाटला. मॉरिशसने जास्तीत जास्त कोटा मागून घेतला, वर्षाला सुमारे ५ लाख ७ हजार टन, म्हणजे एकूण कोट्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. दोन-तीन वर्षांत जागतिक भाव कोसळले. पुढची तीन दशके मॉरिशसला पुष्कळदा खुल्या बाजाराच्या दुप्पट-तिप्पट भाव मिळत राहिला.

असा न कमावलेला जादा नफा धोक्याचा असतो. प्रशांत महासागरातल्या नाउरूने फॉस्फेटच्या पैशाचे काय केले, ते जरूर वाचा. मॉरिशसमध्ये परकीय चलनावर १९९४ पर्यंत निर्बंध होते, त्यामुळे पैसा सहज बाहेर नेता येत नसे. मळेवाल्यांनी तो हॉटेलांत आणि कापड कारखान्यांत घातला. निर्यात विभागातले जवळपास निम्मे भांडवल स्थानिक होते. बाकीचे मुख्यतः हाँगकाँगहून आले, कारण तिथल्या कपडेवाल्यांचे युरोप-अमेरिकेतले कोटे भरले होते आणि मॉरिशसचे रिकामे होते.

हे सुरळीत झाले असे समजू नका. १९७५ च्या फेब्रुवारीत गर्वेझ चक्रीवादळाने बेट झोडपले, तेलाचे भाव वाढले, १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साधारण पाचातला एक माणूस बेकार होता. त्यानंतर मात्र कापडाने वेग घेतला. दशकअखेरीस निर्यात विभागात सुमारे ९० हजार लोक होते, त्यांत दोन तृतीयांश बायका. फ्लोरेआल निटवेअर ही तिथली कंपनी लोकरी स्वेटरच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. या यशाची दुसरी बाजूही लिहून ठेवली पाहिजे. निर्यात विभागाचे कामगार नियम वेगळे होते. जादा काम सक्तीचे, कामावरून काढणे सोपे आणि सुरुवातीला बायकांची किमान मजुरी पुरुषांपेक्षा कमी. ‘स्वस्त मजुरी’ या दोन शब्दांत कोणाचे तरी शिफ्टनंतरचे तास असतात.

दोन्ही आधार एकदम

कापडाचे कोटे बहुधागा कराराखाली होते. ते ३१ डिसेंबर २००४ रोजी संपले. त्या क्षणी चीनला बाजार खुला झाला. लगेच २००६ पासून साखरेचा भाव उतरू लागला, एकूण ३६ टक्के. शिवाय तेल महाग होत होते. म्हणजे देशाचे दोन्ही मुख्य धंदे ज्या संरक्षणावर उभे होते ते एकाच सुमारास गेले. मात्र दोन्ही तारखा आधीपासून ठाऊक होत्या. कापडाची तर दहा वर्षे आधी.

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे परत येऊ आणि हिशेब करू. साखर उतारा साधारण साडेदहा टक्के धरा. म्हणजे एक टन उसातून १०५ किलो साखर. साखरेच्या टनामागे १८८.५० युरो गेले, म्हणजे उसाच्या टनामागे जवळपास २० युरो. हे भोक कशाने भरायचे?

पहिले उत्तर चिपाडाचे. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो चिपाड उरते, निम्मे पाणी असलेले. किलोमागे ७.५ मेगाज्यूल उष्णता धरली तर २,२५० मेगाज्यूल, म्हणजे ६२५ युनिटांइतकी ऊर्जा. जुने कारखाने कमी दाबाचे बॉयलर वापरत आणि मुद्दाम वाईट कार्यक्षमतेने चिपाड जाळत, कारण उरले तर टाकायचे कुठे हाच प्रश्न असे. दाब वाढवला की तेच चिपाड स्वतःची गरज भागवून बाहेर विकण्याजोगी वीज देते. मॉरिशसमध्ये सेंट आंत्वान कारखान्याने १९५७ मध्येच थोडी वीज बाहेर दिली होती. १९८५ मध्ये फ्लॅक येथील कारखाना वर्षभर वीज देऊ लागला. २००० मध्ये बेल व्ह्यू येथे ३५ मेगावॉटचे दोन संच आले, बॉयलरचा दाब ८२ बार. अशा संचातून उसाच्या टनामागे ११० युनिटांच्या आसपास वीज विकता येते. ६२५ पैकी ११०, म्हणजे सतरा-अठरा टक्के. उष्मागतिकीच्या पेपरात हा आकडा फार मोठा वाटणार नाही, पण आधी ती वीज जवळजवळ शून्य होती.

मी मुलांना सहवीजनिर्मिती पाहायला साखर कारखान्यावर नेतो तेव्हा बहुतेकांना वाटते, झाले, प्रश्न सुटला. हिशेब पुरा करा. २० युरो भागिले ११० युनिट, म्हणजे युनिटला १८ युरो सेंट. त्या भावाने घाऊक वीज कोणते मंडळ घेईल? आणि यातली काही वीज तर भाव उतरण्याआधीच विकली जात होती. म्हणजे एकट्या विजेने भोक भरत नाही. हे कळले की पुढचे निर्णय का घेतले ते समजते.

दुसरा निर्णय कारखाने कमी करण्याचा. २००५ मध्ये ११ कारखाने होते, आता तीन उरले आहेत. मोठ्या गिरणीत टनामागे खर्च कमी आणि ८२ बारचा बॉयलर परवडतो. तिसरा निर्णय मालाचा. मॉरिशस कच्ची साखर पाठवी, ती युरोपात शुद्ध होई आणि तो नफा तिकडे राही. आता बेटावरच शुद्धीकरणाची यंत्रणा उभारली आणि जर्मनीच्या झुडझुकर कंपनीशी २००९ पासून सहा वर्षांचा पांढऱ्या साखरेचा करार केला. दुसरीकडे मस्कोवाडो, डेमेरारा अशा खास तपकिरी साखरांना जास्त भाव देणारे गिऱ्हाईक जपले. हे जमले याचे एक कारण जुने आहे. १९१९ पासून सगळ्या बेटाची साखर एकच शुगर सिंडिकेट विकते. कारखान्याकारखान्यांत भावाची मारामारी नाही. चौथा निर्णय जमिनीचा. किनाऱ्याजवळच्या उसाच्या शेतांत परदेशी लोकांसाठी बंगले, गोल्फची मैदाने, व्यापारी संकुले. २००२ च्या एका योजनेने परदेशी लोकांना असे बंगले विकत घेता येऊ लागले. कंपन्यांनी नावेसुद्धा बदलली. मों त्रेझोर मों देझेर ही ऑम्निकेन झाली, आरेल फ्रेअर ही टेरा झाली. पाटीवरून ‘साखर’ गेली, यात फक्त जाहिरात नव्हती.

किंमत कोणी मोजली

कारखाना बंद करणे कागदावर एक रेघ असते. बेटावर हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांना रोख रक्कम आणि घराजोगा जमिनीचा तुकडा मिळाला. या खर्चात युरोपीय संघाने दिलेल्या मदतीचाही उपयोग झाला. आपल्याकडच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना जमिनीचा तो तुकडा किती महत्त्वाचा हे सांगायला नको.

छोट्या शेतकऱ्यांचे तितके बरे झाले नाही. १९९४ मध्ये शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट काढून शेतकरी आणि कामगारांना कारखान्यांच्या भांडवलात २० टक्के हिस्सा दिला होता, ही कल्पना चांगलीच. पण अर्धा-एक एकर शेत यंत्राने तोडायचे तर आधी ज्वालामुखीचे दगड काढावे लागतात, शेजाऱ्यांची शेते जोडून घ्यावी लागतात. त्यासाठी सरकारी योजना आली, बऱ्याच शेतांत दगडांचे ढीग रचले गेले. तरीही मुले शहरात नोकरीला, बाप म्हातारा, मजूर मिळेना. ऊस लावणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि साखरेचे उत्पादन, जे १९७३ मध्ये ७ लाख १८ हजार टन होते, ते आता तीन लाखांच्या खाली आहे.

विजेच्या बाबतीतही एक अवघड गोष्ट आहे. गाळप हंगाम साधारण जून ते डिसेंबर. उरलेले महिने तोच बॉयलर कोळशावर चालतो. त्यामुळे ‘उसाची हिरवी वीज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या संचांनी देशात कोळसाही आणला, आणि मागच्या दशकात देशाची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. वीज खरेदीचे करार कारखान्यांना जास्तच उदार आहेत, अशी टीका तिथे सतत होत आली. मला ती बरीचशी पटते. ज्याला एकदा संरक्षित भावाची सवय झाली तो पुढचा धंदाही संरक्षित भावाचाच शोधतो.

कापडात काय झाले ते थोडक्यात. हाँगकाँगचे बरेच कारखानदार निघून गेले. २००० ते २००५ मध्ये निर्यात विभागातल्या जवळपास चतुर्थांश नोकऱ्या गेल्या. टिकले ते मुख्यतः स्थानिक, कारण त्यांना जायला दुसरे घर नव्हते. त्यांनी सूतगिरण्या उभारल्या, साधे शिवणकाम मादागास्करला नेले, एका समूहाने बंगळुरूलाही कारखाने काढले. शिवणयंत्रावर आता बांगलादेश, भारत आणि नेपाळहून आलेले कंत्राटी कामगार दिसतात. ज्या बेटावर आप्रवासी घाट आहे तिथे ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नसेल असे नाही.

भारताशी असलेला धागा

तिसऱ्या मुदतीचा संबंध थेट आपल्याशी आहे. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९८२ मध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. भारतीय शेअर विकून मॉरिशसच्या कंपनीला झालेल्या नफ्यावर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसकडे, आणि मॉरिशस तो कर लावतच नव्हते. १९९२ नंतर तिथे परदेशी कंपन्यांच्या नोंदणीचा धंदा वाढला, वकील, हिशेबनीस, व्यवस्थापन कंपन्या. २००० नंतरची कित्येक वर्षे भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीतला सुमारे एक तृतीयांश हिस्सा मॉरिशसमार्गे आला. २००३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग वैध ठरवला. मग मे २०१६ मध्ये करार बदलला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरचा नफा भारतात करपात्र झाला, पहिली दोन वर्षे निम्म्या दराने.

पुन्हा तेच. तारीख ठरलेली, तयारीला थोडा वेळ. या वेळी मात्र वीज किंवा पांढरी साखर करण्याजोगी सोय नव्हती. व्यवस्थापन कंपन्या आफ्रिकेतल्या गुंतवणुकीकडे वळल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये देशाचे नाव काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत गेले, ते ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाले. त्याच काळात महामारीने हॉटेले बंद. २०१८ मध्ये सुमारे १४ लाख पर्यटक आले होते, लोकसंख्येपेक्षा जास्त. २०२० मध्ये महिनोन्महिने कोणीच नाही. जागतिक बँकेने जुलै २०२० मध्ये मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात घातले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा खाली आणले.

पुढच्या तासासाठी एक काम. वरचा उसाचा हिशेब पुन्हा मांडा, पण या वेळी वर्षातले सहा महिने चिपाड आणि सहा महिने कोळसा धरा. मग कोळसा वापरायचा नाही अशी अट घाला आणि बॉयलर सहा महिने बंद ठेवल्यास युनिटमागे भांडवली खर्च किती वाढतो ते काढा. मॉरिशस सरकारने २०३० पर्यंत कोळसा सोडण्याचे ठरवले होते. म्हणजे उरलेल्या तीन कारखान्यांच्या मालकांपुढेही तारीख लिहिली गेलीच. उत्तर आणताना तुमची गृहीतके वेगळ्या कागदावर लिहून आणा, वर्गात आपण त्यांच्यावरच भांडू.